वसईचा दुभाषी

वसईचा किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमाजीअप्पा उभे राहतात. १७३९ सालचा तो वेढा, ते सुरुंग, तटाला पडलेली खिंडारे हे सगळे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण त्या वेढ्याच्या सुमारे एकशेऐंशी वर्षे आधी याच वसईत एक मुलगा जन्माला आला आणि हजारो मैलांवर, जपानच्या नागासाकी शहराबाहेरच्या एका टेकडीवर, क्रुसाला बांधलेल्या अवस्थेत त्याला भाल्यांनी भोसकून मारले गेले, हे वसई तालुक्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईची ख्रिस्ती मंडळी त्याच्याविषयी घरातून दूरदेशी गेलेल्या मुलासारखी बोलतात, म्हणून मीही इथे एकेरीतच लिहितो.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. गास गावातल्या त्याच्या नावाच्या चर्चमुळे आणि वसईतल्या त्याच्या नावाच्या कॉलेजमुळे हे नाव कानांवर पडत असे, एवढेच. पुढे त्याची हकीकत वाचली आणि लक्षात आले की, श्रद्धेपायी छळ सोसलेल्या माणसांबद्दल विचार करायचा तर हा माणूस आपल्याला सोपे उत्तर देत नाही.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली होती आणि गोन्सालोच्या लहानपणी किल्ल्यात चर्च, मठ, विद्यालये उभी राहत होती. आज त्यांच्या भग्न कमानींखाली लग्नाचे फोटो काढले जातात. हे वैभव उभे राहत असताना पोर्तुगीजांच्या मुलखात देवळे पाडली जात होती आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. म्हणजे जिथे गोन्सालो वाढला, तिथे छळाची काठी ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या हाती होती. त्याची कहाणी सांगताना हे गाळून चालणार नाही. गाळले तर त्याच्या मरणाचे निम्मे कारण कळत नाही.

येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट पंथाच्या, धर्मगुरूंनी त्याला शिकवले. त्याचे गुरू सेबास्तियाव गोन्साल्विस जपानला निघाले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगाही गलबतावर चढला. ते साल १५७२. जपानमध्ये त्याने आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. लोकांना प्रार्थना शिकवायच्या, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायची, धर्मगुरूंचे बोलणे जपानीत सांगायचे. भाषा त्याला अशी अवगत झाली की, जपानी माणसे त्याच्याशी मोकळेपणी बोलत.

त्याची एकच इच्छा होती, येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना पंथात घेण्याबाबत त्या काळी हात आखडताच असे. आठ वर्षे राबवून घेतलेल्या माणसाला दार बंद! दुसरा एखादा धर्माला रामराम ठोकून मोकळा झाला असता. गोन्सालोने व्यापार सुरू केला. हा वसईकर त्यातही हुशार निघाला, चार पैसे गाठीशी बांधले, फिलिपाइन्सच्या मनिलापर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या. आणि मनिलात, धंदा ऐन भरात असताना, तो सगळे सोडून फ्रान्सिस्कन पंथात शिरला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. मला या माणसाच्या आयुष्यात सर्वांत मोठे धैर्य इथे दिसते. टेकडीवरचे मरण त्याने मागितले नव्हते. हे मात्र त्याने स्वतः निवडले.

जपानची सत्ता तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीच्या हाती होती. सामान्य घरात जन्मून तलवारीच्या आणि बुद्धीच्या जोरावर अवघा जपान एका छत्राखाली आणणारा हा पुरुष विलक्षण होता आणि तितकाच संशयी. १५८७ सालीच त्याने परदेशी धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण पोर्तुगीज गलबतांचा व्यापार हवा असल्याने तो कडक अमलात आणला नव्हता. आता त्याला फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सरकारने आपले वर्चस्व मानावे असे वाटत होते. त्याची समजूत घालण्यासाठी १५९३ साली मनिलाहून वकील आले ते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता. त्यांचा दुभाषी होता गोन्सालो.

दुभाष्याचे काम आपल्याला किरकोळ वाटते. इथे एका बाजूला कोरियावर फौजा धाडून बसलेला हुकूमशहा, दुसऱ्या बाजूला त्याचे वर्चस्व न मानणारे पण त्याचा राग ओढवून न घेऊ पाहणारे पाहुणे, आणि मध्ये दोघांचेही शब्द पेलणारा हा एकटा माणूस. नकार तर पोचवायचा, पण त्यातला अपमान तेवढा वाटेत सांडून यायचा. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहायची परवानगी मिळाली, जागा मिळाली. तिथे चर्च उभे राहिले आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना.

पण सगळे गोड नव्हते. पोर्तुगीज आश्रयाखालचे जेझुइट आणि स्पॅनिश आश्रयाखालचे फ्रान्सिस्कन यांच्यात चांगलीच तेढ होती. जेझुइट दबकून काम करत, फ्रान्सिस्कन उघडपणे. एकाच देवाचे नाव घेणारे हे दोन पंथ परमुलखात एकमेकांची गाऱ्हाणी करत होते.

ठिणगी पडली ती १५९६ च्या ऑक्टोबरात. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे श्रीमंत स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. त्या वादावादीत जहाजाच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाचा दरारा बसावा म्हणून नकाशा दाखवला आणि आधी धर्मगुरू जातात, मागाहून सैन्य जाते, असे काहीसे तो बोलून गेला, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्या खरेपणावर इतिहासकार आजही भांडतात. पण ज्याने गोवा, वसई, मनिला यांची नावे ऐकली होती, त्याला तो संशय यायला सुकाणूवाल्याची गरज नव्हती. हिदेयोशीची भीती अगदीच निराधार होती असे मला म्हणता येत नाही. आणि त्या भीतीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांतल्या कुणाच्याही हाती सैन्य नव्हते, हेही खरे.

चोवीस जणांना पकडले. १५९७ च्या जानेवारीच्या सुरुवातीला क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि गाड्यांत बसवून गावोगाव धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटरची वाट तुडवत त्यांना नागासाकीकडे नेले. वाटेत कैद्यांची सेवा करायला दोन जपानी ख्रिस्ती सोबत चालत होते, त्यांतला एक सुतार. पहारेकऱ्यांनी त्यांनाही कैद्यांत ओढले. चोवीसांचे सव्वीस झाले. या दोघांची नावे शिक्षेच्या यादीत नव्हतीच. दुसऱ्याच्या छळात नुसते शेजारी जाऊन उभे राहिले, एवढाच त्यांचा गुन्हा.

सव्वीसांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईचा. तीन मुलगे होते, बारा, तेरा आणि चौदा वर्षांचे. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी बापाबरोबर चालत होता. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले, दुःख करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा आशयाचे. ते पत्र पुढे त्याच्या मेलेल्या बापाच्या कपड्यांत सापडले. आईपर्यंत ते पोचवायची सवड बापाला मिळाली नव्हती. मी या हकिकती वाचताना इथे दरवेळी थांबतो.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीजवळची निशिझाका टेकडी. सव्वीस क्रूस ओळीने तयार होते. परंपरा सांगते की, गोन्सालो पुढे होऊन आपल्या क्रुसापाशी गेला आणि गुडघे टेकून त्याने तो कवटाळला. जपानी पद्धतीप्रमाणे खिळे ठोकले नाहीत. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधले आणि दोन्ही बाजूंनी भाले चालवले. जेझुइट पॉल मिकी क्रुसावरूनच लोकांशी बोलला आणि मारणाऱ्यांना त्याने क्षमा केली. ज्या संघाने गोन्सालोला आत घेतले नव्हते, त्या संघाचे तिघे त्या दिवशी त्याच्याच ओळीत होते. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे नेले, त्याला त्या टेकडीवर कुणाचेच भाषांतर करावे लागले नाही.

दरवर्षी फेब्रुवारीत त्याचा सण येतो. एका वर्षी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून मी मिस्सेला गेलो होतो. जगात जिथे जिथे श्रद्धेपायी माणसे छळली जात आहेत त्यांच्यासाठी त्या दिवशी प्रार्थना झाली. २००८ साली ओडिशातल्या कंधमालमध्ये जळालेली घरे आणि रानात पळालेले लोक मला आठवले. २०१५ साली लिबियाच्या किनाऱ्यावर मारलेले एकवीस मजूरही आठवले. वीस इजिप्तचे आणि एक घानाचा, गोन्सालोसारखाच परमुलखातला. शेजारच्या म्हाताऱ्या बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. नंतर अंगणात बोलताना कळले की, त्या मारणाऱ्यांसाठीही मागतात, आणि ते फार जड जाते. छळ करणारे आपलेच असतील तर काय करायचे, असे मी विचारले. त्यांनी किल्ल्याच्या दिशेने मान हलवली आणि म्हणाल्या की, त्यांच्यासाठी तर आधी मागायचे.

हिदेयोशी १५९८ साली वारला. १६१४ पासून जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावत. जो अडखळला तो ख्रिस्ती. धर्मगुरू संपले, पुस्तके संपली. उरल्या त्या पाठ केलेल्या प्रार्थना. लॅटिनमधल्या ओरात्सियो या शब्दाचा जपानी जिभेवर ओराशो झाला आणि बापाने मुलाला, मुलाने नातवाला त्या ओराशो कुजबुजत शिकवल्या. गोन्सालोसारख्या धर्मशिक्षकांनी ज्या घरांतून प्रार्थना पाठ करून घेतल्या, तशा घरांतच त्या अडीचशे वर्षे तगल्या.

१८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे बिचकत शिरली. तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला त्यांनी हळूच सांगितले की, तुमच्या आमच्या मनात एकच आहे. ते चर्च टेकडीवरच्या सव्वीस जणांच्या नावानेच बांधलेले होते. बंदी मात्र अजून उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना मुलाबाळांसकट हद्दपार करण्यात आले, सहाशेच्या वर परमुलखात मेली. १८७३ साली बंदी उठली तेव्हा उरलेले गावाकडे परतले आणि पुढे त्यांनी आपले चर्च बांधायला घेतले.