विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३ च्या सुमारास, यॉर्कशायर, इंग्लंड – मृत्यू: २० जानेवारी १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी व भूमापक होते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. विद्यापीठांतून भौगोलिक माहिती प्रणाली व सुदूर संवेदन हे विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची जॉर्ज एव्हरेस्ट या नावाशी लवकर ओळख होते. ज्यांचे काम एव्हरेस्ट यांनी पुढे नेले, त्या लॅम्बटन यांचे नाव मात्र सहसा तळटीपेत राहते.

पूर्वायुष्य

लॅम्बटन यांचा जन्म सामान्य कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी एकमत नाही. सैन्यात दाखल झाल्यावर ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेले व यॉर्कटाउनच्या शरणागतीत कैद झाले. पुढे अनेक वर्षे ते कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे होते. तेथील एकान्तवासात त्यांनी गणित व भूगणित यांचा कसून अभ्यास केला. या विषयांत त्यांचे शिक्षण प्रामुख्याने स्वप्रयत्नाने झाले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ते ३३ व्या पलटणीबरोबर भारतात आले. इ.स. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत जनरल बेअर्ड यांची तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून टिपू सुलतानाच्या छावणीकडे निघाली होती. आपण उत्तरेऐवजी दक्षिणेकडे जात आहोत, हे लॅम्बटन यांनी ताऱ्यांवरून ओळखले, असे सांगितले जाते.

सर्वेक्षणाची योजना

म्हैसूर जिंकल्यावर कंपनी सरकारला नव्या मुलखाचे नकाशे हवे होते. कॉलिन मॅकेंझी यांच्याकडे गावे, नद्या, रस्ते यांच्या नोंदीचे काम आले. लॅम्बटन यांची योजना निराळी होती. द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी गुंफून प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाचे स्थान निश्चित करावे आणि त्याच ओघात पृथ्वीच्या आकाराचे मोजमाप करावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. ध्रुवांकडे पृथ्वी किती चपटी आहे हे ठरवायचे, तर विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात एका अंशाची लांबी नेमकी मोजणे आवश्यक होते. पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे मद्रास सरकारने या प्रस्तावाला मान्यता दिली. कंपनीचा हेतू अर्थातच निव्वळ ज्ञानाचा नव्हता. मोजलेला मुलूख ताब्यात ठेवणे सोपे जाते.

या पद्धतीत एकच अंतर जमिनीवर प्रत्यक्ष मोजावे लागते. त्या आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन मोजले की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात, आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. आरंभीच्या मापातील चूक सर्व साखळीत उतरते. म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपासून सुरू झालेल्या सुमारे साडेसात मैलांच्या आधाररेषेवर लॅम्बटन यांनी कित्येक आठवडे खर्च केले. शंभर फुटी पोलादी साखळी सुमारे ४०० वेळा मांडावी लागली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून प्रत्येक वेळी तापमान टिपले जाई. ही साखळी मूळची चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली. तेथे ती स्वीकारली न गेल्याने कलकत्त्यास आली होती. लंडनच्या विल्यम केरी यांनी घडवलेला, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट वाटेत फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला पोहोचला. पण तेथील फ्रेंच गव्हर्नरने तो सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिला.

मद्रास ते मंगळूर ही साखळी पूर्ण झाल्यावर द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली. त्यानंतर कन्याकुमारीच्या परिसरापासून उत्तरेकडे रेखावृत्ताला धरून मुख्य साखळी वाढवण्यात आली. काही ठिकाणी ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश व त्रिकोणांतून निघणारे अक्षांश जुळेनात. जमिनीखालील जड खडकांमुळे ओळंबा बाजूला ओढला जात असावा, असा तर्क लॅम्बटन यांनी केला.

तंजावरचा अपघात

सपाट प्रदेशात उंच टेकड्या नसल्याने मंदिरांचे माथे उपयोगात आणावे लागत. इ.स. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे आडवे वर्तुळ वाकले. (त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते.) सर्वेक्षण तेथेच संपण्याची वेळ आली होती. लॅम्बटन यांनी इंग्लंडहून स्वखर्चाने नवे यंत्र मागवले. परंतु ते येईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने वर्तुळ कणाकणाने ओढून पूर्ववत केले. हेच यंत्र पुढेही वापरात राहिले.

हिवताप, पाऊस व निबिड अरण्ये यांमुळे अनेक माणसे दगावली. दुर्बिणीतून स्त्रिया पाहिल्या जातात, अशा संशयाने स्थानिक लोकांचा विरोधही होई. टेकड्यांवर झाडे तोडून निशाणे उभारणाऱ्या व रात्री दिवे सांभाळणाऱ्या भारतीय खलाशांची नावे बहुतेक कोठेच नोंदलेली नाहीत.

अखेरची वर्षे

इ.स. १८१७ मध्ये लॅम्बटन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १८१८ मध्ये सर्वेक्षण मद्रासकडून कलकत्त्याच्या सरकारकडे गेले, त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून रुजू झाले. मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवत असताना, क्षयाने पोखरलेल्या लॅम्बटन यांचा वाटेत हिंगणघाट येथे मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते आणि सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचे मोजमाप पूर्ण झाले होते. हिंगणघाट तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. आज ते वर्धा जिल्ह्यात आहे. त्यांची कबर तेथेच आहे.

आजच्या अभ्यासातील स्थान

एव्हरेस्ट यांनी साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. लॅम्बटन यांच्या मापांचा आधार घेऊन इ.स. १८३० मध्ये त्यांनी पृथ्वीचा जो गोलाभ ठरवला, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे दीर्घकाळ काढले गेले. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर आहे; उपग्रहांसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीत ती ६३,७८,१३७ मीटर आहे. म्हणून जुना नकाशा उपग्रह प्रतिमेवर सरळ ठेवला, तर नदी नदीवर बसत नाही. दोन्ही जुळवण्यासाठी करावे लागणारे रूपांतर हा भौगोलिक माहिती प्रणालीच्या अभ्यासक्रमाचा भाग असतो. इ.स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर काढले जाऊ लागले.