मजूरमंत्री बाबासाहेब आणि नियमाचे बळ



मे महिन्यात आमच्या आरमोरी भागातील माणसे पहाटेच जंगलात शिरतात, तेंदूची पाने तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. माझी आई वर्षानुवर्षे हे काम करीत असे. शेकड्याचा दर ठरलेला होता. पण मोजणारा मुनशी दर शेकड्यामागे चार-पाच पुडे जास्तीचे घेई, आणि आईला ते विचारता येत नसे, कारण कार्डावरचा आकडा तिला वाचता येत नव्हता. वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्येच झाला होता. कायदा असूनही पुडे जात होते. मग कायद्याने गरिबाचे काय भले होते, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचे उत्तर मला पुढे बाबासाहेबांच्या चरित्रात सापडले. घटनेचे शिल्पकार आणि धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाहीत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी भीमराव जन्मले. साताऱ्याच्या शाळेत ते बसायला घरून तरट नेत, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय त्यांना तहान भागवता येत नसे. हाही नियमच होता. तो कोणत्याही सरकारी पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण गुरुजी, शिपाई आणि मुले सारेच तो पाळीत होते. समाजात नियमन कधी नव्हते असे नाही. कोणी कोणते काम करावे, कोणाला किती मोबदला मिळावा, कोणी कुठे पाणी भरावे, हे सारे जातीने ठरवून ठेवले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाला चांगली मजुरी होती. पण धागा तुटला तर तो तोंड लावून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरकाव नव्हता. हा नियम कोणी केला, तो कोणाच्या फायद्याचा आहे आणि तो बदलायचा कसा, हे विचारण्याची सोय मात्र कुठेच नव्हती. ती सोय निर्माण करण्यात बाबासाहेबांचे आयुष्य खर्ची पडले.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथे अर्थशास्त्र शिकले. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळविली. विषय अवघड, पण त्याचे मर्म आपल्या आयाबहिणींनाही कळेल असे आहे. सरकारने मनाला येईल तेवढे चलन काढले तर महागाई वाढते, आणि ज्याची मजुरी बांधलेली आहे त्याचा घास लहान होतो. म्हणून चलन काढण्यावर आधीच ठरलेली मर्यादा हवी, असे त्यांचे मत होते. याचा अर्थ असा की नियम रयतेला जसा हवा तसाच राज्यकर्त्यालाही हवा.

मायदेशी परतल्यावर त्यांनी जुन्या नियमांना एकेक करून हात घातला. महार वतनाने आपल्या माणसाला रात्रंदिवस गावकामाला बांधून ठेवले होते आणि मोबदला मात्र तुटपुंजा होता. त्या वतनात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात मांडले. ते मंजूर झाले नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ मध्ये कोकणातील खोती बंद करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तरीही खोती त्यावेळी हटली नाही. तिचा कायदा १९४९ मध्ये झाला, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. नियम बदलायला एवढा काळ लागतो. म्हणूनच तो अर्ध्यावर सोडून चालत नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता, त्याच्या सहीने आता देशभरच्या कारखान्यांचे व खाणींचे नियम होणार होते! सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसविणारी त्रिपक्षीय परिषद त्याच वर्षी सुरू झाली. तोवर मालक दर सांगे आणि मजूर ऐकून घेई. आता नियम होण्यापूर्वी मजुराचा प्रतिनिधीही बोलू लागला.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणी पाहण्यास गेले. ते स्वतः जमिनीखाली उतरले व मजुरांची घरेही त्यांनी पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, औषधपाणी व पिण्याचे पाणी यांसाठी वापरायचा, अशी ती योजना होती. धंदा चालू राहिला, पण त्याच्या कमाईतला ठराविक भाग मजुराच्या नावाने बाजूला निघू लागला. अर्थव्यवहाराचे नियमन म्हणतात ते हेच होय.

याच काळातील एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यास युद्धापूर्वीच बंदी झाली होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठविली. त्यात आपला मध्य प्रांतही होता. बाबासाहेबांवर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. विधिमंडळात त्यांनी सरकारची बाजू मांडली, ही सवलत तात्पुरती असल्याचे सांगितले आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल ही अट पुढे ठेवली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. संकटाच्या नावाने पहिला घाव दुबळ्याच्या संरक्षणावर पडतो, ही एक. आणि सवलत द्यावीच लागली तर तिला अट आणि मुदत हवी, ही दुसरी.

१९४५ मध्ये कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मांडले आणि ते १९४८ मध्ये कायदा झाले. मजूर आणि मालक आपसांत ठरवतील, सरकारने मध्ये पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांचा विचार असा होता की सरकार बाजूला झाले म्हणजे मजूर स्वतंत्र होत नाही. मालकाला मात्र मजुरी पाडण्याचे आणि तास वाढविण्याचे स्वातंत्र्य मिळते. उपाशी माणसाचा होकार हा खरा होकार नसतो.

घटनेत त्यांच्या देखरेखीखाली वेठबिगारीला बंदी आली, आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत व खाणींत कामाला लावण्यासही बंदी आली. हिंदू कोड बिलाने घरातल्या स्त्रीलाही वारसा व घटस्फोटाचे हक्क मिळावेत म्हणून ते झटले. ते बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्याला त्यांनी धम्मदीक्षा दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आयुष्यभर कायदे करणारा हा महापुरुष शेवटी धम्माकडे का वळला? कारण प्रत्येक फळीवर आणि प्रत्येक बांधावर निरीक्षक उभा करता येत नाही, हे ते जाणून होते. जिथे निरीक्षक पोहोचत नाही तिथे माणसाचे शील उभे राहिले पाहिजे. पंचशीलातील दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, जास्तीचे पुडे घेणाऱ्या मुनशीलाही लागू आहे, आणि उद्या आपल्यापैकी कोणी मुनशी झाला तर त्यालाही. पण दुसऱ्याच्या शीलावर विसंबून आपला हक्क सोडून द्या, असे बाबासाहेबांनी कधी शिकविले नाही. त्यांनी शीलाबरोबर कायदाही दिला, आणि कायद्याबरोबर शिक्षणाचा आग्रह धरला.

माझ्या आईचा प्रश्न यातूनच सुटला. मी सातवीत होतो तेव्हा एके संध्याकाळी तिच्याबरोबर फळीवर गेलो, कार्ड हातात घेतले आणि मोठ्याने वाचले. त्या दिवशी जास्तीचे पुडे गेले नाहीत. कायदा तोच होता. वाचणारा मात्र आता घरात होता.

म्हणून उपासक-उपासिकांनो, आपल्या कामाचा दर विचारा, कार्ड आणि पावती मागून घ्या आणि ती लेकीकडून वाचून घ्या. विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे मजुरीचे, तासांचे आणि हक्काचे नियम समजावून सांगा. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला नियम आपण वाचला नाही, तर तो कागदावरच राहील.

जय भीम!