पेरियार ललईसिंह आणि जप्तीच्या हुकमात नसलेले कारण

पेरियार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तमिळनाडूचे ई. व्ही. रामसामी येतात. उत्तर प्रदेशात मात्र आणखी एका माणसाला लोकांनी पेरियार म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले. ते म्हणजे ललईसिंह. महाराष्ट्रातल्या आपल्या कार्यकर्त्यांना 'सच्ची रामायण' या पुस्तकाचे नाव ठाऊक असते. ते हिंदीत छापणाऱ्या, त्यापायी सरकारशी सात वर्षे कोर्टात भांडणाऱ्या आणि बुद्धाला शरण गेलेल्या या माणसाची माहिती फारशी नसते. भावना दुखावल्याच्या तक्रारी रोज पोलीस ठाण्यात जात असताना ललईसिंहांचे आयुष्य आपण पुन्हा एकदा पाहायला हवे, असे आम्हाला वाटते.

ललईसिंहांचा जन्म १९११ सालचा. गाव कठारा, कानपूर जिल्ह्यातील झींझकजवळचे. घर शेतकरी यादवाचे, वडील आर्यसमाजी विचारांचे. थोडे शिक्षण, काही काळ वनरक्षकाची नोकरी आणि मग १९३३ पासून ग्वाल्हेर संस्थानात शिपाईगिरी. पोटापाण्यासाठी वर्दी चढवलेल्या हजारो पोरांपैकी ते एक. पण शिपायाला मिळणारा पगार, त्याची राहण्याची जागा, साहेबाच्या घरची चाकरी हे सगळे त्यांनी लिहून काढले आणि १९४६ च्या सुमारास 'सिपाही की तबाही' या नावाने पुस्तक तयार केले. संस्थानाने ते जप्त केले. पुढच्या वर्षी ते तुरुंगात गेले आणि देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ च्या जानेवारीत सुटले. म्हणजे लिहिलेले जप्त होण्याचा पहिला अनुभव त्यांना राजाच्या राज्यात आला. दुसरा लोकशाहीत यायचा होता.

सुटल्यानंतर त्यांनी स्मृती, पुराणे, धर्मग्रंथ वाचायला घेतले. आपल्या समाजाचे दैन्य नशिबाने आलेले नाही, ते ग्रंथांतून घडवलेले आहे, या निष्कर्षाला ते आले. बाबासाहेबांचे लेखन त्यांना याच वाटेवर भेटले. १९६७ च्या डिसेंबरात कुशीनगरला भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा देणारे हेच ते वयोवृद्ध भिक्खू. दीक्षेनंतर ललईसिंहांनी नावातले जातदर्शक 'यादव' काढून टाकले. आपल्याकडे दीक्षा घेतल्यावरही आडनावे आणि पोटजाती सांभाळणारे कमी नाहीत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

वडिलोपार्जित शेती विकून त्यांनी झींझकला छापखाना टाकला, त्याचे नाव सस्ता प्रेस. जोडीला अशोक पुस्तकालय. स्वस्त कागद, छोटी पुस्तके, बाजारात आणि मेळ्यात विकायची. शंबूक, एकलव्य, अंगुलिमाल यांच्यावर त्यांनी स्वतः नाटके लिहिली. कागदाचे पैसे, छपाई, विक्री, सगळे अंगावर. मोठ्या प्रकाशकांच्या यादीत आपली माणसे नसतात तेव्हा अशा छोट्या छापखान्यांनी चळवळ जगवली, हे आपल्या पुस्तकविक्रेत्यांना वेगळे सांगायला नको.

ई. व्ही. रामसामींनी रामायणातील पात्रांवर तमिळमध्ये लिहिलेले पुस्तक १९४४ चे आणि त्याची इंग्रजी आवृत्ती १९५९ ची. पाठ्यग्रंथ म्हणून रामायण वाचायचे आणि त्यातल्या माणसांच्या वागणुकीला न्यायाच्या कसोटीवर घासायचे, ही त्याची पद्धत. भाषा कडक, कधी कधी कमालीची कडक. ललईसिंहांनी परवानगी घेऊन रामआधार यांच्याकडून हिंदी अनुवाद करवून घेतला आणि १९६८ साली 'सच्ची रामायण' प्रसिद्ध केले. दक्षिणेत हे विचार दशकानुदशके बोलले जात होते. गंगेच्या खोऱ्यात, रामलीलेच्या मुलखात, हिंदीत ते छापले जाणे ही निराळी गोष्ट होती. गदारोळ झाला आणि ८ डिसेंबर १९६९ रोजी उत्तर प्रदेश सरकारने इंग्रजी आणि हिंदी दोन्ही पुस्तके जप्त केल्याचा हुकूम काढला.

हा हुकूम कसा होता ते नीट पाहावे लागेल, कारण पुढचा सगळा खटला त्याच्यावर उभा आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ९९-अ सरकारला एक मोठा अधिकार देत होते. एखाद्या पुस्तकातील मजकूर दंडसंहितेच्या १२४-अ, १५३-अ किंवा २९५-अ खाली गुन्हा ठरेल असे सरकारला वाटले, तर राजपत्रात अधिसूचना काढून त्याची प्रत न् प्रत सरकारजमा करता येई. आधी खटला नको, साक्षीपुरावा नको. फक्त एक अट होती. आपले हे मत कशामुळे झाले, त्याची कारणे सरकारने हुकमातच सांगितली पाहिजेत. लखनौच्या हुकमात काय होते? या पुस्तकाचा हेतू हिंदूंच्या धार्मिक भावना जाणूनबुजून व दुष्ट हेतूने दुखावण्याचा आहे आणि म्हणून ते २९५-अ खाली शिक्षेस पात्र आहे, एवढे एक लांबलचक वाक्य. त्याला जोडलेल्या तक्त्यात पानांचे आणि ओळींचे आकडे. अमुक पान, तमुक ओळ. त्या ओळींमुळे कोणाचे काय बिघडले, त्यात टीका कुठे संपली आणि दुष्ट हेतू कुठे सुरू झाला, यावर अक्षर नाही.

म्हणजे कलमातले शब्दच उचलून कारण म्हणून चिकटवले होते. दुखावले म्हणून दुखावले! आज भावना दुखावल्याच्या कितीतरी फिर्यादी याच नमुन्याच्या असतात.

२९५-अ हे कलम इंग्रजांनी १९२७ साली आणले. लाहोरच्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेचा प्रकाशक सुटला, त्यातून तो कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले, पण एक मर्यादा घालून. कोणाला तरी वाईट वाटले एवढे पुरत नाही. धर्माचा अपमान जाणीवपूर्वक, दुष्ट हेतूने आणि भावना भडकवण्यासाठी केलेला असला पाहिजे. तपास आणि जप्ती करणारे ही मर्यादा क्वचितच वाचतात.

ललईसिंह अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. जप्तीविरुद्धचा अर्ज तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालावा, अशी कायद्यातच तरतूद होती. त्या पीठाने १९ जानेवारी १९७१ रोजी जप्ती रद्द केली आणि सरकारने ललईसिंहांना खर्चापोटी ३०० रुपये द्यावेत असे सांगितले. सरकार तेवढ्यावर थांबले नाही, सर्वोच्च न्यायालयात गेले. वास्तविक हरनाम दास यांच्या खटल्यात १९६१ साली याच उत्तर प्रदेश सरकारची जप्ती याच कारणावरून, कारणे न दिल्यावरून, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. पण एकदा ठेच लागून शहाणे होणे सरकारी खात्यांच्या स्वभावात नसावे.

निकाल लागला १६ सप्टेंबर १९७६ ला. तारीख लक्षात घ्या. देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि याच न्यायालयाने एप्रिलमध्ये, नजरकैदेतल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात यायचीही सोय ठेवली नव्हती. अशा दिवसांत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, भगवती आणि मुर्तझा फझल अली यांच्या पीठाने उत्तर प्रदेश सरकारचे अपील फेटाळले. निकालपत्र कृष्ण अय्यरांनी लिहिले. त्यांचे म्हणणे सोपे होते. नागरिकाचे पुस्तक काढून घ्यायचे तर का ते सांगा. तक्त्यातून कारण ओळखून घ्या म्हणणे चालणार नाही. कारण सांगितले तरच ज्याचे पुस्तक गेले तो कोर्टात त्याला उत्तर देऊ शकतो आणि कोर्टही ते तपासू शकते. गॅलिलिओ आणि डार्विनपासून मार्क्स आणि रसेलपर्यंत कितीतरी विचारवंतांचे लेखन त्या त्या काळी लोकांना सहन झाले नव्हते, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

आपल्या सभांमध्ये हा निकाल बऱ्याचदा वाढवून सांगितला जातो. 'सच्ची रामायण' मध्ये लिहिलेले सर्वोच्च न्यायालयाने खरे ठरवले, असे वक्ते सांगतात आणि टाळ्या पडतात. न्यायालयाने तसे काही म्हटलेले नाही. पुस्तकातील मजकूर योग्य की अयोग्य, यात ते शिरलेच नाही. आमच्या मते त्यामुळे ललईसिंहांचे यश लहान होत नाही. एखाद्या पुस्तकातले मत बरोबर आहे की चूक, हे कोर्टाने ठरवायची वेळच येऊ नये. मत खोडायचे तर दुसरे पुस्तक लिहावे. सरकार दांडगाई करू लागले की त्याला कारण विचारता येणे, हेच नागरिकाच्या हातातले शस्त्र आहे आणि ते झींझकच्या एका छापखानेवाल्याने धार लावून आपल्या हाती दिले.

ललईसिंहांच्या वाट्याला दुसरी जप्तीही आली आणि ती आपल्या अधिक जवळची आहे. 'सम्मान के लिए धर्म परिवर्तन करें' या नावाने बाबासाहेबांच्या भाषणांचे एक हिंदी पुस्तक निघाले होते. उत्तर प्रदेश सरकारने १९७० साली तेही जप्त केले. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांची भाषणे, संविधान लागू होऊन वीस वर्षे झाल्यावर, धार्मिक भावना दुखावतात म्हणून सरकारजमा! ललईसिंह तिथेही लढले आणि मे १९७१ मध्ये उच्च न्यायालयाने ती जप्तीही उठवली.

ही गोष्ट आपण विसरतो, म्हणून आमची गाडी वेगळ्या रुळावर जाते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ग्रंथमालेत 'रिडल्स' छापले, त्यातील राम आणि कृष्णावरचे प्रकरण वगळा म्हणून आंदोलने झाली, तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या समाजाचा विराट मोर्चा निघाला. छापलेले पान फाडू देणार नाही, ही आपली भूमिका होती. पुढे २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला, ते चित्र काढले गेले आणि पुण्यात पुस्तकाच्या एका सल्लागाराच्या कार्यालयाची तोडफोड झाली. संविधान गोगलगायीच्या गतीने चालले आहे, गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरूंच्या हाती चाबूक आहे, असे ते चित्र. त्याने आपल्या अनेकांना वेदना झाल्या, त्या खोट्या नव्हत्या. चित्रावर लिहायला, बोलायला, ते वर्गात कसे शिकवावे यावर भांडायला भरपूर जागा होती. तोडफोड करणाऱ्यांनी मात्र लखनौच्या सरकारचीच रीत उचलली, आम्ही दुखावलो, एवढेच सांगितले.

पुतळ्याची विटंबना, जातिवाचक शिवी, वस्तीवर हल्ला या गोष्टी आम्ही यात धरत नाही. तो माणसांवरचा अत्याचार आहे आणि त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा हवाच, कडक हवा. पण २०१५ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात, अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने अनादर करणे हाही गुन्हा ठरला आहे. अनादर हा शब्द फार ऐसपैस आहे. बाबासाहेबांच्या एखाद्या निर्णयावर, पुणे करारावर, पक्षबांधणीवर अभ्यासकाने कठोर लिहिले तर तो अनादर कोणी ठरवायचा? आज तो शब्द आपल्या बाजूने आहे म्हणून आपण गप्प आहोत. १९७० साली २९५-अ कोणाच्या बाजूने होते, ते ललईसिंहांनी दोनदा अनुभवले.

तथागतांची या बाबतीतली शिकवण दीघनिकायाच्या अगदी पहिल्या सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करत चालला होता. भिक्खूंमध्ये त्याची चर्चा झाली. तथागतांनी त्यांना चिडू नका म्हणून बजावले. चिडलात तर तो बोलला ते बरोबर की चूक हेच तुम्हाला कळणार नाही. खोटे असेल ते खोटे म्हणून समजावून सांगा. सुप्पियाला गप्प करण्याचा विषय तिथे निघत नाही.

१९७३ च्या डिसेंबरात ई. व्ही. रामसामी गेले. त्यानंतर तमिळनाडूतल्या शोकसभेत ललईसिंहांचे भाषण ऐकून लोकांनी त्यांनाच पेरियार म्हटले, असे सांगतात. झींझकचा छापखाना चालू राहिला. ७ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा खटला मात्र पुढे महाराष्ट्रात कामाला आला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेची नासधूस झाली आणि दहाच दिवसांत महाराष्ट्र शासनाने ते पुस्तक सरकारजमा केल्याची अधिसूचना काढली. त्या पुस्तकातील एका टिप्पणीने आम्हीही संतापलो होतो. तरीही त्या अधिसूचनेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये आंबेडकरी चळवळीतले वकील संघराज रूपवते होते. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली, शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जुलै २०१० रोजी तिथेही हरले. कोणत्या दोन समाजगटांत या पुस्तकाने वैर निर्माण होते, हे अधिसूचनेत सांगितलेलेच नव्हते. त्या निकालपत्रात १९७६ च्या निकालाचा दाखला आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध ललईसिंह यादव या नावाने नोंदला गेला आहे, दीक्षेनंतर त्यांनी टाकून दिलेल्या आडनावासकट.