तुतीची जात ओळखायची कशी? जानकी अम्माळ यांनी पेशीत शोधलेले उत्तर

धाराशिव जिल्ह्यात उसाला पर्याय म्हणून तुतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो बेण्याचा. रेशीम शेतीसाठी तुती सहसा बियांपासून नव्हे, तर काडीपासून वाढवतात. एकदा लावलेली बाग 12 ते 15 वर्षे ठेवता येते. त्यामुळे ‘व्ही-1’ म्हणून आणलेली काडी दुसऱ्याच वाणाची निघाली, तर ती चूक तितकी वर्षे सोबत राहते. शेजाऱ्याने त्याच बागेतून बेणे नेले, तर ती त्याच्याही शेतात पोहोचते. फळांसाठी तुती लावणाऱ्यांचा गोंधळ आणखी मोठा. फळ काळे दिसले की ती ‘काळी तुती’ आणि लांब दिसले की ‘शहतूत’, एवढ्यावरच अनेकदा नाव ठरते.

पाने आणि फळांच्या रंगावर विसंबून न राहता पेशीत डोकावून वनस्पतीचे कूळ शोधणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांच्या पहिल्या पिढीत डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांचे नाव अग्रक्रमाने येते. ऊस आणि तुती या दोन्ही पिकांवर त्यांनी काम केले होते.

कोण होत्या जानकी अम्माळ?

एडवलेथ कक्कट जानकी यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1897 रोजी केरळमधील तेल्लीचेरी, म्हणजे आजच्या थलसेरी येथे झाला. वडील ई. के. कृष्णन मद्रास प्रांतात न्यायाधीश होते. त्यांना निसर्गाची आवड होती. घरी मोठी बाग होती. मुलींची लग्ने लवकर लावून देण्याच्या त्या काळात जानकी यांनी शिक्षणाची वाट धरली आणि आयुष्यभर अविवाहित राहिल्या. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमध्ये आणि नंतर प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्या शिकल्या. विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये त्यांनी अध्यापन केले. आशियातील महिलांसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1931 मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

उसाच्या संशोधनात त्यांचा वाटा काय?

त्रिवेंद्रमला काही काळ प्राध्यापकी केल्यानंतर 1934 मध्ये त्या कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर असलेल्या ‘को 86032’ या वाणातील ‘को’ ही अक्षरे याच कोइम्बतूरची. हा वाण त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. मात्र, उसाच्या संकराचा पाया ज्या काळात घातला जात होता, त्या काळात त्या तिथे होत्या. जाड, गोड ऊस आणि नदीकाठी उगवणारे त्याचे रानटी भावंड यांच्या गुणसूत्रांचा त्यांनी अभ्यास केला. उसाचा मका आणि इतर गवतांशी संकर करून पाहिला.

हे काम सुखासुखी झाले नाही. पुरुष सहकाऱ्यांमध्ये एकटी महिला, तीही मागास मानल्या गेलेल्या थिय्या समाजातील, यामुळे त्यांना संस्थेत अडचणी आल्या, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. 1939 मध्ये आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेसाठी त्या एडिंबराला गेल्या. त्याच वेळी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्या ब्रिटनमध्येच राहिल्या.

तुतीपर्यंत त्या कशा पोहोचल्या?

युद्धाच्या काळात, 1940 ते 1945, त्यांनी लंडनजवळील जॉन इनेस संस्थेत पेशीशास्त्रज्ञ म्हणून काम केले. बॉम्बहल्ल्याच्या वेळी पलंगाखाली आसरा घ्यायचा आणि नंतर काचांचे तुकडे झटकून पुन्हा कामाला लागायचे, अशी त्यांची आठवण कुटुंबात सांगितली जाते. याच काळात सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीखालील हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या नोंदवणारा कोश तयार केला. तो 1945 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली येथील उद्यानात दाखल झाल्या. कोल्चिसीन हे द्रव्य वापरून झाडांच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याचे प्रयोग त्यांनी तिथे केले. मॅग्नोलियाच्या एका वाणाला आजही त्यांचे नाव आहे. याच संस्थेच्या नियतकालिकात 1948 मध्ये त्यांचा काळ्या तुतीच्या उगमावरील लेख प्रसिद्ध झाला.

काळ्या तुतीचे कोडे काय होते?

इंग्लंडमध्ये तुतीला इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला जेम्स याने रेशीम उद्योग उभारण्यासाठी हजारो तुतीची झाडे आणवली. त्यात काळ्या तुतीचा भरणा होता, असे सांगितले जाते. रेशीम किड्याला पांढऱ्या तुतीचा पाला अधिक मानवतो. तो उद्योग काही रुजला नाही, झाडे मात्र राहिली.

पांढरी तुती म्हणजे मोरस अल्बा आणि काळी तुती म्हणजे मोरस नायग्रा. नावावरून फरक फक्त रंगाचा वाटतो. प्रत्यक्षात पांढऱ्या तुतीची फळे पांढरी, गुलाबी, जांभळी आणि पार काळीही असतात. खरा फरक पेशीत आहे. पांढऱ्या तुतीत सामान्यतः 28 गुणसूत्रे असतात, तर काळ्या तुतीत 308. म्हणजे 14 गुणसूत्रांचा संच पांढऱ्या तुतीत दोनदा आणि काळ्या तुतीत तब्बल 22 वेळा येतो. फुलझाडांमधील हा अतिशय मोठ्या आकड्यांपैकी एक आहे. हिमालयातील मोरस सेराटा या तुतीत 84, तर लांब फळांच्या मोरस लेव्हिगाटामध्ये 56 गुणसूत्रे आढळतात.

त्यामुळे काळी तुती ही पांढऱ्या तुतीची केवळ गडद रंगाची बहीण नाही. संचांची संख्या अनेक टप्प्यांत वाढत जाऊन ती वेगळी झाली आहे.

गुणसूत्रे मोजतात कशी?

मुळाच्या कोवळ्या टोकातील पेशी सतत विभागत असतात. ते टोक ठरावीक वेळी कापून रसायनात ठेवतात, रंग देतात आणि काचपट्टीवर हलकेच दाबून पसरवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र मोजायचे. तुतीची गुणसूत्रे आकाराने फार लहान असतात. 28 मोजतानाही नजर लागते, मग 308 मोजायला किती चिकाटी हवी, याची कल्पना येते. संगणक किंवा डिजिटल छायाचित्र नसलेल्या काळातील हे काम आहे.

मायदेशी परतल्यावर काय झाले?

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून जानकी अम्माळ 1951 मध्ये भारतात परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची फेररचना करण्याचे काम त्यांच्याकडे आले. मात्र 1954 मध्ये संस्थेचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजमधील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची नेमणूक झाली. सांतापाव हे पश्चिम घाटातील वनस्पतींचे मोठे जाणकार होते. तरीही हा निर्णय जानकी अम्माळ यांच्या जिव्हारी लागला होता, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

त्या थांबल्या नाहीत. अलाहाबाद आणि जम्मू येथील संस्थांत त्यांनी काम केले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या काही काळ होत्या. 1970 मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि मद्रास विद्यापीठाच्या केंद्रात संशोधन करत राहिल्या. 1977 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल जलविद्युत प्रकल्पात बुडू नये, यासाठी वयाच्या ऐंशीनंतरही त्या आग्रही होत्या. तेथील झाडांची गुणसूत्रे नोंदवून ठेवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. 7 फेब्रुवारी 1984 रोजी मद्रासजवळील मदुरवायल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

गुणसूत्रे मोजून वाण कळतो का?

जात कळायला मोठी मदत होते. वाण मात्र कळेलच असे नाही. जानकी अम्माळ यांच्या पद्धतीने काळी आणि पांढरी तुती लगेच वेगळी करता येते. ‘एस-1635’सारखा त्रिगुणित, म्हणजे तीन संचांचा वाणही वेगळा काढता येतो. पण व्ही-1 आणि एस-36 या दोन्हींत गुणसूत्रांचे दोनच संच असतील, तर केवळ आकडा मोजून फरक सांगता येणार नाही.

इथे डीएनए चाचणी उपयोगी पडते. कोवळ्या पानातून डीएनए काढतात. त्यातील ठरावीक जागी काही अक्षरे पुन:पुन्हा येतात. ती किती वेळा येतात, हे प्रत्येक वाणात वेगळे असू शकते. अशा अनेक जागा तपासल्या की वाणाचा ठसा तयार होतो. जातींमधील नाते शोधण्यासाठी डीएनएचे वेगळे तुकडे वाचतात. अशाच एका तुकड्याच्या आधारे 2015 मध्ये तुतीच्या आठ जाती मानाव्यात, असा प्रस्ताव संशोधकांनी मांडला होता.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. ठसा जुळवायला खात्रीशीर मूळ नमुना लागतो. तो नसेल तर दोन झाडे सारखी की वेगळी एवढेच कळते, नाव कळत नाही. काळ्या तुतीसारख्या अनेक संचांच्या झाडात एकाच जागी अनेक रूपे दिसतात आणि वाचन अवघड होते. एकाच वाणाच्या फांदीत झालेला लहानसा बदल नेहमीच्या चाचणीतून निसटूही शकतो. म्हणून गुणसूत्रे, डीएनए आणि पान-फळांची निरीक्षणे एकत्र पाहावी लागतात.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

व्ही-1 हा वाण म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने एस-30 आणि बेरहामपूर सी-776 यांच्या संकरातून तयार केला. त्याचे मूळ नोंदलेले आहे. तुतीच्या वाणांचा मोठा संग्रह तमिळनाडूतील होसूरच्या केंद्रात जपला आहे. जुळवणीसाठी असे नमुने उपलब्ध आहेत. तरीही प्रत्येक शेतकऱ्याने चाचणी करावी, अशी गरज नाही. ज्या मातृबागेतून शेकडो शेतकऱ्यांना बेणे जाते, तिची एकदा तपासणी झाली तर पुढच्या सगळ्या बागांचा प्रश्न सुटतो.

शेतकऱ्याच्या हाती असलेली काळजी साधी आहे. बेणे कुठून, कधी आणि कोणत्या नावाने आणले याची नोंद ठेवावी. दोन वाण असतील तर ओळी वेगळ्या ठेवून पाट्या लावाव्यात. फळांची रोपे घेताना फळाच्या रंगावरून जात ठरवू नये. काळ्या फळाची तुती आणि काळी तुती यांच्या गुणसूत्रांत 28 आणि 308 इतके अंतर असू शकते.