कापरेकर मास्तर

उन्हाळी सुट्टीतील संगणकीय संशोधनाचा अर्ज भरताना पूर्वानुभवाचा रकाना मी कोराच ठेवला. तेव्हा द. रा. कापरेकर आठवले. जन्म १९०५, डहाणूचा. १९२९ चे बी. एस्सी.; पुढची पदवी नाही. देवळालीच्या शाळेत शिकवीत ते हातानेच आकडेमोड करीत राहिले. अनेकांना तो पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरांनी लिहिले, मग जगाचे लक्ष गेले. १९८६ मध्ये ते वारले.

ते निवृत्त झाले १९६२ साली. आपले शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचे. हेच अंक उतरत्या क्रमाने मांडून चढता क्रम वजा करा : ९६२१ − १२६९ = ८३५२. पुन्हा तसेच : ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथेच येते. रात्री मी वहीची बारा पाने भरली. एकही निसटली नाही.