मशीनला माणसाइतका वेगवान कोड लिहायला लावणारा जॉन बॅकस

सॉफ्टवेअर वेगात पळायला हवं असेल तर भाषा कोणती निवडायची? आज हा वाद सी, रस्ट, पायथनवरून होतो. 1950 च्या दशकात मात्र वादच नव्हता. वेग हवा तर प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत, हातानं लिहायचा.

हे चित्र बदलणारा गडी म्हणजे जॉन बॅकस. जन्म 1924, फिलाडेल्फिया. कॉलेजात वर्गात न बसल्यामुळं बाहेर पडावं लागलं. मग सैन्य, मग मेडिकल, तेही सोडलं. चांगला म्युझिक सेट बनवायचा म्हणून रेडिओचा कोर्स लावला, तिथं गणिताची गोडी लागली. कोलंबियातून गणित शिकून 1950 मध्ये ते आयबीएममध्ये आले.

तिथं त्यांनी आधी स्पीडकोडिंग बनवलं. प्रोग्राम लिहायला सोपा, पण नावात स्पीड असूनही चालायला संथ. कारण प्रत्येक सूचनेचा अर्थ मशीन प्रोग्राम चालू असतानाच लावायचं. तेव्हाची मशीनं दशांश चिन्हाची गणितं मुळातच हळू करायची, म्हणून हे खपून जायचं. नव्या आयबीएम 704 मध्ये ती गणितं थेट हार्डवेअर करू लागलं आणि तो आडोसाही गेला.

म्हणून बॅकसनी ठरवलं, भाषांतर आधीच एकदा करून टाकायचं. हाच फोरट्रानचा कम्पायलर. खरी भीती एकच होती. तयार होणारा कोड हातानं लिहिलेल्या कोडपेक्षा फार हळू निघाला, तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. म्हणून भाषेच्या देखणेपणावर त्यांनी फार वेळ घालवला नाही, सगळा जोर वेगावर. (माझ्या मते इथंच ते जिंकले.) प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळा चालेल, याचा अंदाज कम्पायलर आधीच बांधायचा. हे काम टीममधल्या लोईस हेबट यांचं. मशीन रात्री मोकळं मिळायचं, म्हणून टीम दिवसा जवळच्या हॉटेलात झोपायची.

सहा महिन्यांत होईल असं वाटलेलं काम एप्रिल 1957 मध्ये लोकांच्या हाती पडलं. कोड इतका चलाख निघायचा की बनवणारेच चक्रावायचे.

1977 मध्ये बॅकसना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या भाषणात त्यांनी फोरट्रानसारख्या भाषांच्या घडणीवरच टीका केली. 2007 मध्ये ते गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाच्या अंदाजासाठी चालणारी मॉडेल्स आजही बरीचशी फोरट्रानमध्येच आहेत.