हरलेल्या कुस्तीची उजळणी

विद्यार्थी मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पहिलवान जिथे व्यायाम करतात आणि कुस्ती शिकतात, त्या जागेला तालीम म्हणतात. तालमीतल्या गुरूला वस्ताद म्हणतात. हा वस्ताद म्हणजे तुमचा उस्तादच! ज्यांच्या जीवनात तालमीचे हे दोन्ही अर्थ एक झाले, अशा एका पहिलवानाची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. लहानपणीच वडिलांनी त्यांना कुस्तीचे डाव शिकवले. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. तेथे खाशाबांचा खेळ बहरला. ते अंगाने लहानखुरे होते, पण विजेसारखे चपळ होते.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाला मदत केली आणि खाशाबा लंडनला गेले. पण तेथे कुस्ती मातीत नव्हती, मॅटवर होती. मित्रांनो, हा फरक लहान नाही. आखाड्यातील तांबडी माती भुसभुशीत असते. तिच्यात पाय रुततो, हाताला माती लावून पकड घट्ट करता येते. मॅटवर यातले काहीच नसते. शिवाय आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चाले. तेथे वेळ ठरलेली होती आणि कोणी चीतपट झाले नाही, तर पंच निकाल देत. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने खाशाबांना मार्गदर्शन केले. ५२ किलो वजनाच्या गटात त्यांनी काही कुस्त्या जिंकल्या, पण शेवटी त्यांचा सहावा क्रमांक आला.

सहावा क्रमांक! पदक नाही. अशा वेळी माणूस दोन प्रकारे वागू शकतो. नशिबाला बोल लावून तो गप्प बसतो, किंवा आपण कोठे कमी पडलो, हे शोधून काढतो. खाशाबांनी दुसरी वाट धरली. मॅट कशी असते, नियम कसे असतात, परदेशी मल्ल कसे लढतात, हे त्यांना आता ठाऊक झाले होते. त्या अनुभवाच्या शिदोरीवर त्यांनी पुढची चार वर्षे पूर्वीपेक्षा कठोर मेहनत केली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटात उतरले.

१९५२ सालची स्पर्धा फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात होती. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. विचार करा, एका विद्यार्थ्यावर शिक्षकाचा केवढा हा विश्वास!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेल्या कुस्तीत ते हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढायला बोलावले गेले. त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पुढचे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले, ते ४४ वर्षांनी, १९९६ साली.

गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबांना प्राचार्यांचे घर आठवत होते. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, पैसे उभे केले आणि ते घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ ची ऑलिंपिक स्पर्धा हुकली. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण तो मरणानंतर. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रांनो, परीक्षेआधी तुम्ही धड्यांची उजळणी करता. शरीराच्या मेहनतीचीही तशीच उजळणी करा. एक साधी वही पुरे. आज किती जोर मारले, किती बैठका काढल्या, धावताना दम कोठे लागला, हे रोज लिहा. महिन्याने मागची पाने वाचा. काय वाढले आणि काय अडले, ते वहीच सांगेल. मग पुढच्या महिन्याची मेहनत त्याप्रमाणे ठरवा.

आपण शीव कोळीवाड्यात राहतो. मराठीत शीव म्हणजे हद्द. आपल्या ताकदीची शीव आज कोठे आहे, हे जो नीट पाहतो, त्यालाच ती उद्या पुढे सरकवता येते. लंडनच्या सहाव्या क्रमांकापासून हेलसिंकीच्या पदकापर्यंत खाशाबांनी हेच केले.

शब्दार्थ
उजळणी – दोहराना
चीतपट – पाठ जमिनीला लागून झालेली हार
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न, तोशा
गहाण ठेवणे – रहन रखना

स्वाध्याय
१. मातीतील कुस्ती आणि मॅटवरील कुस्ती यांत कोणता फरक आहे?
२. लंडनहून आल्यावर खाशाबांनी काय केले?
३. तुमच्या आठवड्याच्या व्यायामाची नोंद पाच ओळींत लिहा.